पाय गरम झाले का?

(किकवी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



किकवी माझं आजोळ. पुण्याहून सुटलेली साताऱ्याची एस.टी. कापूरहोळ मागे टाकून इथल्या थांब्यावर थांबली की आमची उन्हाळ्याची सुट्टी सुरू व्हायची. आज त्या थांब्याच्या जागी मोठा हमरस्ता झाला आहे, पण उतरले तेव्हा मी सवयीनं पश्चिमेकडेच पाहिलं. तिकडे भोर, त्यापलीकडे वरंधा घाट, आणि घाट उतरला की महाड. आज मी जे सांगणार आहे ते बरंचसं त्या घाटापलीकडे घडलं.

ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचा योग मला आला नाही. पण माझ्या मामेभावंडांबरोबर मी त्यांच्या शाळेच्या आवारात खेळले आहे. तिथे एक पर्जन्यमापक होता. एका वर्षी जूनमध्ये पाऊस लागून आम्ही इथेच अडकलो, तेव्हा रोज सकाळी साडेआठला गुरुजी छत्री घेऊन यायचे, मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचे आणि वहीत आकडा लिहायचे. पाऊस नसला तरी यायचे आणि शून्य लिहायचे. ‘पाऊसच नाही, तर लिहायचं काय?’ असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘शून्यही लिहावं लागतं, पोरी. न लिहिलेला दिवस कोरडा होता की मी आलोच नव्हतो, हे उद्या कोण सांगणार?’ पुढे डॉक्टर झाल्यावर मला या वाक्याची किंमत कळली.

संयोजकांनी मला विषय दिला आहे तो ‘नवं संशोधन आणि आजारी माणूस’ असा. एवढा मोठा विषय एका संध्याकाळी मांडायचा तर एखादं उदाहरण हातात घट्ट धरावं लागतं. मी विंचू धरला आहे.

या भागात विंचू कुणाला नवा नाही. चैत्र-वैशाखात राब भाजायचे दिवस येतात. पालापाचोळा, कवळ, शेण पसरायचं, दगड बाजूला सारायचे. त्या दगडाखाली, गोवऱ्यांच्या रचलेल्या हुडव्यात, घराच्या मातीच्या भेगांत तो असतो. आपल्याकडे मोठी काळी इंगळीही आहे आणि लहानसा तांबूस विंचूही आहे. काळ्या इंगळीच्या आकाराला माणूस घाबरतो, पण माणसाचा जीव घेणारा तो तांबडा, बोटाच्या दोन पेरांएवढा.

आजोळच्या घरामागे एक आजोबा राहत. ते विंचू उतरवायचे. माझ्या मामीला विंचू चावला तेव्हा ते आले, कडुलिंबाचा डहाळा खांद्यापासून बोटापर्यंत फिरवत राहिले, तोंडानं पुटपुटत राहिले. पहाटेपर्यंत मामीची कळ बोटात उतरली आणि सकाळी ती भाकऱ्या थापायला बसली. मी दहा वर्षांची होते. मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून माझा विश्वास बसला.

पुढे मेडिकलला गेल्यावर मी त्याला थोतांड म्हणू लागले. आज मी तसं म्हणून मोकळी होत नाही, कारण त्या आजोबांच्या यशाचं कारण समजून घेतलं तर आजच्या विषयाचं अर्धं काम होतं. विंचू चावलेल्या बहुतेक माणसांना फक्त भयंकर वेदना होतात. विष थोडं जातं, किंवा विंचूच फारसा विषारी नसतो. वेदना काही तासांत, फार तर एका दिवसात आपोआप कमी होते. म्हणजे मामी बरी होणारच होती. डहाळा फिरवला असता तरी आणि नसता तरी. ज्यांना विष भिनलं ते दगावले, तेव्हा ‘वेळ भरली होती’ असं म्हटलं गेलं. यशाचा हिशेब मंत्राच्या नावावर आणि अपयशाचा नशिबाच्या नावावर मांडला की मंत्र कधीच खोटा ठरत नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते ऐका, कारण ते आम्हा डॉक्टर लोकांबद्दल आहे. त्या काळी आम्हीही असाच हिशेब मांडत होतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सह्याद्रीच्या पायथ्याशी एका आरोग्य केंद्रात मी नव्यानं रुजू झाले होते. गावाचं नाव मी घेत नाही. संध्याकाळी दिवेलागणीला एक सात-आठ वर्षांचा मुलगा आणला. पायाला विंचू चावला होता. मुलगा रडत नव्हता, पाय दुखतोय असंही फारसं म्हणत नव्हता, म्हणून मला हायसं वाटलं. त्याला दोन-तीन उलट्या झाल्या होत्या. अंगावरचा सदरा घामानं पिळून काढावा असा भिजला होता. उशाशी त्याची आई बसली होती. तिनं त्याची पावलं हातात धरली होती आणि ती एकच गोष्ट सांगत होती, ‘डॉक्टरीणबाई, पोराचे पाय गार पडलेत वो.’ मी मान हलवली आणि पुस्तकात होतं ते सगळं दिलं. स्टिरॉइड दिलं, ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मध्यरात्री त्याला धाप लागली. पहाटे तोंडाला गुलाबी फेस आला. उजाडायच्या आत तो गेला.

त्या आईनं मला रोगाचं मुख्य लक्षण सांगितलं होतं. ते लक्षण आहे हे मला माहीत नव्हतं. तो मुलगा इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे.

त्याच सुमारास घाटाखाली एक तरुण डॉक्टर तेच गार पाय पाहत होते, आणि ते लिहून ठेवत होते. डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, शेतकरी घरातले. नागपूरला एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६च्या सुमारास महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात तांबड्या विंचवानं माणसं मरत होती. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी साठतं हे काही अगदीच अज्ञात नव्हतं. १९६१ साली मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तशी नोंद छापली होती. पण ते पाणी का साठतं आणि ते थांबवायचं कसं, याचं उत्तर नव्हतं. त्या वर्षांतल्या नोंदी पाहिल्या तर विष भिनून रुग्णालयात आलेल्या शंभरातले पंचवीस-तीस, कुठे चाळीसपर्यंत दगावत.

बावस्करांनी काय केलं? ते रुग्णाच्या खाटेपाशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, हातापायांचा गारवा आणि प्रत्येकाची वेळ त्यांनी लिहिली. एका रुग्णाची, मग दुसऱ्याची, मग पन्नासाव्याची. अशा नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की एक क्रम दिसू लागतो. चावल्यावर आधी उलटी आणि दरदरून घाम. मग हातपाय गार. मुलग्यांमध्ये आणखी एक खूण दिसते, लिंग ताठरतं. घरचे लाजेनं ती सांगत नाहीत, पण ती धोक्याची घंटा आहे. या वेळी रक्तदाब वाढलेला असतो. काही तासांनी हृदय दमतं, रक्तदाब कोसळतो, फुप्फुसात पाणी भरतं. आम्ही बाकीचे डॉक्टर रुग्णाला पाहायचो तेव्हा नाटकाचा शेवटचा अंक चालू असायचा. पहिला अंक कुणी नीट पाहिलाच नव्हता. हृदय दमण्याच्या या पूर्वसूचना त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केल्या. लंडनहून निघणाऱ्या जगातल्या जुन्या आणि मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात रायगड जिल्ह्यातल्या खेड्यातलं निरीक्षण छापून आलं.

विष नेमकं करतं काय, ते थोडक्यात सांगते. आपल्या नसांच्या भिंतीत सोडियमसाठी बारीक दारं असतात. ती उघडतात, मिटतात, आणि त्यावर नसांचे निरोप चालतात. तांबड्या विंचवाचं विष ही दारं मिटू देत नाही. मग नसा सतत निरोप धाडत राहतात आणि अंगात अड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पाय गार पडतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, आणि मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. गार पाय आणि गुलाबी फेस या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

साखळी कळली की ती कुठे तोडायची तेही सुचतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. त्यासाठी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध वापरून पाहिलं गेलं. ते उपयोगी होतं, पण थेंबाथेंबानं शिरेतून द्यावं लागतं आणि रक्तदाबावर क्षणाक्षणाला नजर ठेवावी लागते. वीज जाणाऱ्या, एकच परिचारिका असलेल्या केंद्रात ते कसं जमणार? मग प्राझोसिनकडे लक्ष गेलं. हे उच्च रक्तदाबाचं औषध, साधी तोंडानं घ्यायची गोळी, स्वस्त. रक्तवाहिनीच्या भिंतीवर अड्रेनालिन ज्या कडीवर येऊन वाजवतं, ती कडीच प्राझोसिन धरून ठेवतं. विष आत असतं, पूरही असतो, पण दार वाजत नाही. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांनी १९८६ साली प्राझोसिनचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. मधल्या काळात हिंमतरावांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम.डी. केलं होतं, आणि ते पुन्हा महाडलाच परतले होते. एम.डी. होऊन खेड्याकडे परत जाणं हा मला या संशोधनाचाच भाग वाटतो. रुग्ण जिथे येतो तिथे डॉक्टर नसता तर प्रश्नही दिसला नसता.

तो लेख माझ्यापर्यंत आला तो एका वर्गमित्रानं टपालानं पाठवलेल्या झेरॉक्सच्या रूपात. अक्षरं पुसट होती. मी तो दोनदा वाचला आणि बाजारातल्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून टेबलाच्या खणात ठेवल्या.

पुढच्याच उन्हाळ्यात एक मुलगी आली, साधारण नऊ वर्षांची. राब भाजायला आईबरोबर गेली होती. उलट्या, घाम, आणि पावलं विहिरीच्या पाण्यासारखी गार. मी वजनाप्रमाणे गोळीचा तुकडा दिला. तिला आडवंच ठेवलं, कारण हे औषध घेऊन माणूस एकदम उठून बसला तर रक्तदाब पडून घेरी येऊ शकते. आणि या वेळी मी उशाशी न बसता पायाशी बसले. दर अर्ध्या तासाला तळवा हातात घ्यायचा आणि वहीत लिहायचं. गार. गार. गार. तीन तासांनी ठरल्याप्रमाणे गोळीचा दुसरा भाग दिला. पहाटे कधीतरी घोटा कोमट लागला. मला वाटलं, माझ्याच हाताची ऊब असेल. मी हात धुऊन, कोरडा करून पुन्हा लावला. मग टाच, मग चवडा, शेवटी बोटं. आणि ती मुलगी रडायला लागली, ‘आई, बोट लई दुखतंय गं.’

तिची आई घाबरली. मी मात्र त्या रडण्यानं आनंदून गेले. पाय गरम होणं आणि चावल्या जागी वेदना परत येणं ही बरं होत असल्याची खूण आहे, हे त्या लेखकांनीच नोंदवून ठेवलेलं होतं. ती वेदना लिहिलेली नसती तर मी त्या रात्री तिला वेदनाशामकं देत बसले असते आणि काहीतरी बिघडलं असं समजले असते.

तांबड्या विंचवाच्या गंभीर दंशातलं मृत्यूचं प्रमाण प्राझोसिन आल्यानंतर शेकडा एकच्या आसपास आलं. शेकडा तीसवरून एकवर. एका गोळीनं, आणि एका वहीनं. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा घाटाच्या दोन्ही अंगांना पुष्कळ घरांत आनंद झाला असेल, कारण त्या घरांत जगलेली माणसं होती.

इथे कुणी विचारील, आणि विद्यार्थ्यांनी विचारावंच, की बाई, तुमच्या मुलीचे पाय गरम झाले हे खरं, पण ते गोळीनं झाले कशावरून? तीही मामीसारखी बरी होणारच नव्हती कशावरून? प्रश्न अगदी रास्त आहे. एका रुग्णावरून मला उत्तर देता येत नाही. पूर्वी तीस जात, आता एक जातो, एवढ्यावरही ते पुरतं देता येत नाही. मधल्या काळात रस्ते झाले, जीप आल्या, माणसं लवकर पोचू लागली, त्याचाही वाटा असणार. इतका मोठा फरक केवळ जीपनं पडत नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण शास्त्रात छातीवर हात ठेवून चालत नाही. एकाच काळातले, एकसारखे आजारी असे दोन गट करून तुलना करावी लागते.

ही रीत आपल्या महाराष्ट्रातही जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना ती टोचली. तुरुंग तोच, अन्न तेच, हवा तीच. ज्यांनी टोचून घेतली त्यांच्यात मृत्यू झाला नाही, न घेतलेल्यांतले काही गेले. आज कैद्यांवर असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. संमती मोकळ्या माणसाची असावी लागते. पण तुलनेशिवाय लस खरी की खोटी हे कळलं नसतं.

दुसरं उदाहरण समोर बसलेल्या आशाताईंसाठी. तुम्ही बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाता. बाळाचं वजन करता, ताप पाहता, अंगावर दूध कसं पितंय ते पाहता. हे वेळापत्रक मंत्रालयातल्या कुणा साहेबाला आपोआप सुचलेलं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ कमी होते. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०११ साली देशभरच्या आशांना हे काम मिळालं. छापून आल्यापासून तुमच्या पिशवीत वजनकाटा यायला बारा वर्षं लागली. हा उशीर मला खुपतो. त्या बारा वर्षांत जन्मून दगावलेली मुलं आज इथे बसण्याच्या वयाची असती.

तर पुन्हा विंचवाकडे. प्राझोसिन विष काढत नाही, विषाचा परिणाम रोखतं. मग विषावरच घाव घालणारं प्रतिविष, ज्याला आपण लस म्हणतो, ते द्यावं की नाही? यावर जगात मोठा वाद होता. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर तुलना झाली आणि १९९९ साली निष्कर्ष आला की सरसकट प्रतिविष देऊन काही फायदा नाही. २००९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातून उलट बातमी आली. तिथे फक्त १५ मुलं होती, पण प्रतिविष मिळालेली सगळीच्या सगळी चार तासांत शांत झाली. कुणाचं खरं मानायचं? दोन्ही खरं असू शकतं, कारण विंचू वेगळा, विष वेगळं, प्रतिविष वेगळं. ट्युनिशियाच्या विंचवाचा निकाल महाडच्या विंचवाला लावता येत नाही. आपल्या विंचवाचं उत्तर आपल्यालाच शोधावं लागतं.

ते महाडमध्येच शोधलं गेलं. बावस्कर दांपत्यानं पूर्वी स्वतःच, प्रतिविष खरंच आवश्यक आहे का, असा प्रश्न छापून विचारलेला होता. त्यांच्या हाती यशस्वी गोळी होती. जगभर नाव झालेलं होतं. त्यांनी ‘आता बस’ म्हटलं असतं तरी ते शोभून दिसलं असतं. त्यांनी ७० रुग्ण घेतले, विष भिनलेले पण फुप्फुसात अजून पाणी न झालेले. चिठ्ठी टाकावी तसे, आपली आवडनिवड मध्ये न येऊ देता, पस्तीस आणि पस्तीस असे दोन गट केले. प्राझोसिन दोघांनाही दिलं, म्हणजे खात्रीच्या उपचाराला कुणीच मुकलं नाही. एका गटाला त्याबरोबर आपल्याच तांबड्या विंचवाचं प्रतिविष दिलं. दहा तासांनी पाहिलं तर प्रतिविष मिळालेल्यांतले ३२ पूर्ण बरे होते आणि नुसत्या प्राझोसिनवरचे ८. बरं व्हायला सरासरी एकीकडे १० तास लागले, दुसरीकडे सतरा-अठरा. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा निष्कर्ष आला.

या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त आदर या टप्प्याबद्दल वाटतो. माणूस दुसऱ्याचं मत खोडायला नेहमीच तयार असतो. ज्या औषधानं आपल्याला जगात ओळख दिली, ते एकटं पुरेसं नाही, त्याला जोड हवी, हे स्वतःच्या रुग्णालयात, स्वतःच्या आकड्यांनी दाखवून देणं याला वेगळी हिंमत लागते. वैद्यकाचं ज्ञान पुढे गेलं ते या हिमतीच्या जोरावर, असं माझं एवढ्या वर्षांच्या व्यवसायानंतरचं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या शिवाराकडे या. भोर-वेल्ह्यात विंचवापेक्षा आज सापाची भीती मोठी आहे. भातखाचरात, बांधावर घोणस आहे, घरात शिरणारा मण्यार आहे. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हा आकडाही असाच खेडोपाडी जाऊन, मृत्यू झालेल्या घरी बसून, विचारपूस करून काढलेला आहे. रुग्णालयांच्या कागदांवर तो कधी दिसलाच नव्हता, कारण पुष्कळजण रुग्णालयात पोचलेच नव्हते. आणि एक प्रश्न अजून सुटायचा आहे. आपलं सर्पविषावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषापासून बनतं, आणि ते विष मुख्यतः तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. घोणस तीच असली तरी तिचं विष प्रांताप्रांतात बदलतं, हे आता प्रयोगशाळेत दिसलं आहे. मग तमिळनाडूच्या घोणशीवरचं औषध मावळातल्या घोणशीला कितपत पुरतं? कुठे जास्त कुप्या लागतात का? कुणाची मूत्रपिंडं का बिघडतात? २०२४ साली केंद्र सरकारनं सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. ते दिल्लीत बसून होणार नाही. ते भोरच्या, वेल्ह्याच्या नोंदींवर होईल.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. विंचू किंवा साप चावला तर पहिल्यांदा घड्याळ बघा. दोरी आवळू नका, पातं लावू नका, विंचू उतरवणाऱ्याकडे तास घालवू नका. वाटेत उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, पाय कधी गार पडले ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, मुलगा असेल तर लाजेची खूणही सांगा. प्राझोसिनची गोळी घरात आणून आपल्या मनानं देऊ नका, ती डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायची असते. आणि डॉक्टरांनो, उशाशी बसलेली आई काय म्हणतेय ते ऐका. तिचं म्हणणं लिहून घ्या.

संयोजकांनी मला सांगितलं की गुरुजींच्या पावसाच्या वह्या अजून गावाच्या वाचनालयात कपाटात आहेत. त्यांच्या शेजारी ठेवायला मी एक वही आणली आहे. तिच्यात रकाने आखले आहेत: तारीख, गाव, काय चावलं, किती वाजता, रुग्णालयात किती वाजता पोचले, काय औषध दिलं, पाय किती वाजता गरम झाले, पुढे काय झालं. रुग्णाचं नाव लिहायचं नाही, फक्त वय आणि बाई की पुरुष. आशाताईंनी आणि आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरांनी मिळून ती भरावी, आणि ज्या महिन्यात कुणालाच काही चावलं नाही त्या महिन्यापुढे शून्य लिहावं. पहिल्या पानावर मी आजची तारीख घातली आहे.